सतरा नंबरची यादी

माणसाकडे काय आहे आणि त्याला काय हवंय, एवढ्या दोनच गोष्टी लिहून ठेवायच्या होत्या. त्यात अवघड ते काय, असं मुंगीला वाटलं आणि तिथेच ती फसली.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. चाळिशीला टेकलेली, वेबसाइटी बनवून पोट भरणारी, चारचौघांत गंभीर चेहऱ्याने वावरणारी बाई. पण लहानपणी वडिलांच्या टेबलाखाली बसून ती खाली पडलेले कोड्याचे तुकडे एकेक करून वर नेऊन ठेवायची, म्हणून वडिलांनी जे नाव ठेवलं ते चिकटलं ते चिकटलंच. वडील नोकरीने पोस्टातले, पण मनाने जिगसॉवाले. पुठ्ठ्याचे हजार-दोन हजार तुकडे महिनाभर खपून जुळवायचे, झालेलं चित्र दोन दिवस डोळे भरून बघायचं आणि तिसऱ्या दिवशी मोडून पुन्हा खोक्यात भरायचं. आई म्हणायची, “भांडी घासण्यात आणि यात फरक एवढाच, की भांडी घासली तर घरात कोणाला तरी उपयोग होतो.”

असल्या माणसांचं शहरात एक मंडळही होतं. त्रेसष्ट सभासद. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायचे आणि आपली खोकी एकमेकांत बदलून घ्यायचे. मंडळाचा एक रिवाज होता. कोडं पुरं झालं की खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आपलं नाव आणि तारीख लिहायची. पुरं झालं तरच. एक तुकडा जरी कमी निघाला तरी सही करायची नाही, नुसतं ‘एक कमी’ असं लिहायचं. या बाबतीत ही माणसं इतकी कडक होती, की कोर्टातले लोकसुद्धा नसतील.

मंडळाचा सगळा कारभार चिटणीसांकडे. हे गृहस्थ जन्मभर जमिनीची मोजणी करून निवृत्त झालेले. एका लाकडी खणात त्यांनी प्रत्येक सभासदाची दोन प्रकारची कार्डं ठेवली होती. पांढऱ्या कार्डावर ‘आहे’, पिवळ्यावर ‘हवंय’. सभासदाने घरी कार्ड भरायचं, वाचनालयाच्या दाराशी टांगलेल्या पेटीत टाकायचं, आणि चिटणीसांनी जुळणी लावून द्यायची. बत्तीस वर्षं त्यांनी हे केलं. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि पांढरं कुठलं नि पिवळं कुठलं तेच कळेना. तेव्हा त्यांनी मुंगीला बोलावलं, कारण तिच्या वडिलांना ते चांगलं ओळखत होते. वडील सतरा नंबरचे सभासद.

वडील जाऊन दोन वर्षं झाली होती.

मुंगीने पहिल्याच बैठकीत कागदावर एक तक्ता काढून दाखवला. एका रकान्यात सभासद, दुसऱ्यात कोडं, तिसऱ्यात ‘आहे’ किंवा ‘हवंय’. झालं काम.

चिटणीसांनी भिंग लावून तक्ता पाहिला. “आणि ज्याच्याकडे आहे त्यालाच ते हवं असेल तर?”

“असं कोण मागेल, काका?”

“आपले दातांचे डॉक्टर. त्यांच्या खोक्यात सात तुकडे कमी आहेत. त्यांना तेच चित्र पुरं असलेलं हवंय.”

मुंगीने तक्ता खोडला आणि दोन वेगळ्या याद्या केल्या. मग चिटणीस म्हणाले, चित्र एक असलं तरी खोकी दहा असतात आणि प्रत्येक खोक्याचं नशीब वेगळं. म्हणून तिने चित्राची नोंद वेगळी केली, खोक्याची वेगळी. असं करत करत तीन आठवडे गेले. दोन ओळींच्या कामाने तिच्या नाकी नऊ आणले. शेवटी वैतागून तिने स्वतःचेच काही नियम घातले. एकाच सभासदाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागितली असेल तर एक ठेवायची, बाकीच्या काढून टाकायच्या. शंभर तुकड्यांपेक्षा कमी संख्या लिहिली असेल तर ते कोडंच नव्हे, लिहिणाऱ्याची चूक समजायची. अशा सगळ्या नोंदी बाजूला एका यादीत जातील. त्या यादीला तिने नाव दिलं ‘रद्दी’.

“माणसं नियमात बसत नाहीत गं मुंगे,” चिटणीस म्हणाले.

“मग फॉर्ममध्ये बसवावी लागतात, काका.”

“बसव. पण रद्दी फेकायच्या आधी एकदा वाच.”

“वाचते,” ती म्हणाली. वडीलधाऱ्यांना आपण ‘औषध घेते’ म्हणतो, त्याच सुरात.

आता एक गोष्ट सांगायला हवी. मुंगीचं आणि आईचं दोन वर्षं नीट नव्हतं. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवता तरी आलं असतं. वडील झोपेतच गेले, आणि त्यानंतर महिना होतो न होतो तोच आईचा फोन आला. “उद्या गाडी येतेय. ह्यांची सगळी खोकी मंडळाला जातायत.” विचारलं नाही, नुसतं कळवलं. बेचाळीस खोकी. ज्या टेबलाखाली मुंगीचं बालपण गेलं त्या टेबलावरची.

मुंगीने फोन ठेवला. मग तिने जे केलं ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी आई दवाखान्यात गुडघे दाखवायला गेलेली असताना ती स्वतःच्या किल्लीने घरात शिरली आणि टेबलावरचं एक खोकं उचलून घेऊन आली. सरळ चोरी. ‘बंदरावरची सकाळ’, दोन हजार तुकडे. वडिलांनी शेवटी जुळवायला घेतलेलं तेच. शेवटचं ती त्यांना भेटली तेव्हा ते हातात बॅटरी घेऊन टेबलाखाली रांगत होते आणि आई शेजारी बसून भाजी चिरत होती. काय हरवलं म्हणून मुंगीने विचारलं, तर खालून आवाज आला, “आकाश.” ती तेव्हा खूप हसली होती.

ते खोकं वडिलांनी सुतळीने बांधलेलं होतं, त्यांच्या पोस्टातल्या गाठीने. मुंगीने ती गाठ सोडली नाही. तिच्याने सोडवेना. तिच्या ऑफिसात, म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या एका खोलीत, कपाटाच्या वर ते दोन वर्षं तसंच पडून होतं. आणि आईशी दर रविवारी फोनवर बोलणं व्हायचं. गुडघे कसे आहेत, बरे आहेत. तू जेवतेस ना वेळेवर, हो जेवते. आईने बाबांना घराबाहेर काढलं, हे मुंगीच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं, की ते तपासून बघावं असं तिला कधी वाटलंच नाही.

तर कार्डं टाइप होऊन आली. चिटणीसांनी एका टायपिंगवालीकडून सगळी कार्डं जशीच्या तशी उतरवून घेतली होती. दोन हजारांवर नोंदी. मुंगीने त्या आपल्या तक्त्यात ओतल्या. बहुतेक सगळ्या बसल्या, तीसएक रद्दीत गेल्या. तिला आनंद झाला. रद्दी वाचायची राहिली.

मग जुळणीची चाचणी. त्यासाठी तिला एक नवा सभासद हवा होता, ज्याच्याकडे एकच खोकं आहे असा. तिने स्वतःलाच चौसष्ट नंबर दिला. ‘आहे’मध्ये काय टाकावं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि नजर कपाटावर गेली. बरं, ते चित्र मंडळात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. वडिलांनी ते कुठल्याशा बंद पडणाऱ्या दुकानातून आणलेलं. ज्याचं नावही कोणाला ठाऊक नाही ते मागणार कोण? उत्तर शून्य येणार आणि चाचणी बिनबोभाट पार पडणार. म्हणून जुळणी झाली की दोन्ही सभासदांच्या फोनवर निरोप जातो, ती सोयसुद्धा तिने बंद केली नाही. कशाला करायची?

दुपारचे तीन वाजले होते. खाली दुकानात कोणीतरी अक्षरं वाचत होतं. तिने बटण दाबलं.

जुळणी: एक. देणार: चौसष्ट. घेणार: सतरा.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सतरा. लहानपणी पांढऱ्या कार्डांवर तो आकडा तिने स्वतःच्या हाताने कितीदा तरी काढला होता, एकची काठी आणि सातचं वेटोळं. तिने स्वतःला समजावलं, जुनी नोंद असेल, बाबांच्या वेळची, कोणी काढून टाकली नसेल. ती उघडून तिने तारीख पाहिली. गेल्या महिन्याची होती.

मेलेला माणूस गेल्या महिन्यात काही मागत नाही.

सतरा नंबरची पांढरी यादी तिने उघडली. ‘आहे: काही नाही.’ पिवळीत एकच नोंद. ‘बंदरावरची सकाळ’. एवढ्यात टेबलावरचा तिचा फोन वाजला. तिनेच लिहिलेलं वाक्य तिलाच आलं होतं: ‘आपल्याकडील कोडे सभासद क्र. १७ यांना हवे आहे.’ म्हणजे तसाच निरोप, तिच्या नावानिशी, सतरा नंबरलाही गेला. आपण काय करून बसलो हे तिला आत्ता कळलं. तिने सतरा नंबरपुढचा फोन पाहिला. शेवटचे चार आकडे वाचायचीही गरज पडली नाही. दर रविवारी ती तोच नंबर लावत होती.

आई.

आईने कोडं मागावं? जन्मभर ज्या बाईने एका तुकड्याला हात लावला नाही, जिने एका दिवसात सगळी खोकी घरातून काढली, ती? काहीतरी चुकलंय, यादीत चुकलंय, असं म्हणत तिने रद्दी उघडली, तीन दिवस न वाचलेली.

पहिल्या बावीस ओळी सतरा नंबरच्या होत्या. बंदरावरची सकाळ. बंदरावरची सकाळ. बंदरावरची सकाळ. दर महिन्याला एक. तेवीस महिने एकच मागणी, आणि मुंगीच्या नियमाने त्यातली एक ठेवून बाकीच्या कचऱ्यात टाकल्या होत्या. प्रत्येकीपुढे कारणही छापलेलं: ‘पुनरावृत्ती’. दर मागणीच्या पुढे टायपिंगवालीने शेरा उतरवला होता: ‘एक तुकडा कमी असलेलंच हवं. पुरं असलेलं नको.’

असं कोणी मागतं का? साऱ्या मंडळात अशी मागणी दुसरी नव्हती.

तेविसावी ओळ ‘आहे’ची होती. सभासद सतरा. वस्तू: तुकडा. संख्या: एक. वर्णन: आकाशाचा. आणि पुढे कारण, मुंगीच्याच शब्दांत: ‘शंभरपेक्षा कमी. चूक.’

मुंगीने रद्दी बंद केली. पडद्यावर पुन्हा जुळणीची ती ओळ आली. बॅटरी घेऊन रांगणारे बाबा तिला दिसले, आणि शेजारी भाजी चिरणारी आई. दोन वर्षं ती नुसत्या बाबांकडे बघत होती. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं, ते काही केल्या तिला आठवेना.

पर्स टेबलावर तशीच टाकून ती वाचनालयात गेली. दोन गल्ल्यांचं अंतर, पण ती कशी पोचली हे तिचं तिलाच कळलं नाही. चिटणीस मागच्या खोलीत खिडकीशी बसले होते. “सतरा नंबरची कार्डं, काका,” ती दारातूनच म्हणाली. त्यांनी खण ओढला, चाचपडत सतरा नंबर शोधला आणि रबर लावलेला गठ्ठा तिच्या हातात दिला. तेवीस पिवळी कार्डं, एक पांढरं. अक्षर उजवीकडे झुकलेलं, लांबट. किराण्याच्या याद्यांतलं, शाळेच्या डब्यातल्या चिठ्ठ्यांवरचं.

“पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, गेलेल्या माणसाचा नंबर चालू ठेवता येतो का,” चिटणीस म्हणाले. “मी म्हटलं, मंडळाच्या नियमात मरणाबद्दल काही लिहिलेलं नाही.”

“मला का नाही सांगितलंत?”

“वचन घेतलं होतं त्यांनी. आणि मी चिटणीस आहे, चहाडखोर नाही.” मग ते थोडे नरमले. “पण मी शोधलं हो ते खोकं. गाडीतून एक्केचाळीसच आली होती. प्रत्येक सभासदाला विचारलं. मिळालं असतं तर वचनबिचन बाजूला ठेवून मीच धावत गेलो असतो. कुठे गेलं कोणास ठाऊक.”

“माझ्याकडे आहे.”

चिटणीसांनी उघडा खण हळूच आत सारला. “काखेत कळसा,” एवढंच ते पुटपुटले आणि पुढची म्हण त्यांनी गिळली.

“तिला निरोप गेलाय, काका. माझ्या नावानिशी.”

“मग इथे काय करतेयस?” ते म्हणाले. “जा ना.”

आईच्या घरी जायचं तर आधी खोकं घ्यायला हवं, म्हणून ती ऑफिसकडे परतली. मनात ती वाक्यं जुळवत होती. मी रागात होते. तू विचारलं नाहीस. मला वाटलं तुला काही वाटत नाही. एकही वाक्य दुसऱ्याला धड जोडलं जात नव्हतं. चष्म्याच्या दुकानाशी आली तर दुकानदार बाहेर उभा. “तुमच्या आई आल्यात. बसा म्हटलं खाली, तर ऐकेनात. वर गेल्या.”

पाच वर्षांत आई एकदाही इथे आली नव्हती. सव्वीस पायऱ्या होत्या, आणि आईचे गुडघे तिला माहीत होते.

आई मुंगीच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. पडद्यावर अजून तीच ओळ होती: देणार चौसष्ट, घेणार सतरा. आईने ती वाचली होती हे उघड होतं; चष्मा तिने आत्ताच उतरवून पर्समध्ये टाकला.

“कुठाय?” आईने विचारलं.

मुंगीने स्टुलावर चढून खोकं खाली काढलं आणि टेबलावर ठेवलं. दोन वर्षांची धूळ होती. आईने ती तळहाताने पुसली.

“तू नेलंस?”

“हो.”

“कधी?”

“गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी. तू दवाखान्यात होतीस.”

आईने मान हलवली. ओरडली नाही, रडली नाही, आणि ते मुंगीला जास्त भयंकर वाटलं. “त्या दिवशी परत येऊन मी टेबलावर बघितलं तर हे नाही. तुला सांगू, मला काय वाटलं? मला वाटलं, ह्यांनीच नेलं. माझ्यावर रागावून.” “चार दिवस मी तसंच धरून चालले होते. जेवायलासुद्धा बसले नाही त्या टेबलाशी. मग डोकं ठिकाणावर आलं. म्हटलं, मंडळातलं कोणीतरी भेटायला येऊन घेऊन गेलं असेल. म्हणून त्यांच्याच नंबरवर मागत राहिले.”

चोरी करताना मुंगीला फक्त बाबांसाठी वाईट वाटत होतं. आपण कोणाला कसल्या भीतीत लोटतोय, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं.

आईने पर्स उघडली आणि बटणांची जुनी पत्र्याची डबी काढली. झाकण काढून तिने डबी टेबलावर उपडी केली. चार बटणं आणि एक निळा तुकडा. आकाशाचाच. कडेला किंचित ढग.

“डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं मला,” आई म्हणाली. “डोळ्यांत औषध घालतात, एकटीला परत येता येत नाही. यांना म्हटलं, चला. तर म्हणाले, एवढं आकाश झालं की येतो. मी थांबले. मग गेले एकटीच. परत येताना तीनदा ठेचकाळले. घरी येऊन बघते तर आकाश चालूच. हे हात धुवायला उठले आणि मी यातला एक उचलला. म्हटलं, शोधू दे एक दिवस. उद्या देईन, हसून.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी ते इतके कासावीस झाले, की देताच येईना. काय सांगायचं? तिसऱ्या दिवशी त्याहून अवघड. तीन आठवडे तो माणूस रांगत होता गं. आणि मी भाजी चिरत बघत होते. रोज ठरवायचे, आज देते.” आईचा आवाज आत्ता कुठे फाटला. “शेवटी एका रात्री त्यांनी सगळं मोडून खोक्यात भरलं, सुतळी बांधली. आणि सकाळी उठलेच नाहीत.”

मुंगी खाली बसली, जमिनीवरच, आईच्या पायांशी. “म्हणून खोकी दिलीस?”

“एकेक खोकं माझ्याकडे बघायचं. मला घरात राहवेना. हे तेवढं आधी उघडून, तुकडा आत ठेवून मग देणार होते. तुला वाटलं, मला त्यांचं काही वाटत नाही.”

“हो,” मुंगी म्हणाली. “तसंच वाटलं.” आणि मग ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण नजर खोक्यावरून हलवली नाही.

“पांढरं कार्ड का भरलंस?” डोळे पुसून मुंगीने विचारलं. “तुकड्याचं?”

“नुसतं मागायचं कसं? द्यायलाही काही हवं ना. माझ्याकडे तेवढंच होतं.”

आणि तिच्या तक्त्याने नेमकं तेच चूक म्हणून काढून टाकलं होतं. हे मुंगीने आईला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तोंडच उरलं नव्हतं.

“उघड,” आई म्हणाली. “ठेवून टाकते एकदाचा.”

पोस्टातली गाठ. ती ओढली तर आवळते, उलट सरकवली तर सुटते. बाबांनी शिकवलेलं बोटांना अजून आठवत होतं. सुतळी सुटली. मुंगीने झाकण उचललं आणि उताणं करून टेबलावर ठेवलं, कारण मंडळाच्या माणसाची पोर होती ती. आधी झाकण वाचायचं, मग तुकडे बघायचे.

आत पेन्सिलीने, वडिलांच्या बारीक अक्षरात, तीनच ओळी होत्या.

‘एक कमी. तो हिच्याकडे आहे, डबीत. मी मागणार नाही. देईल तेव्हा दोघं मिळून सही करू.’

खाली तारीख.

मुंगीने त्या ओळी दोनदा वाचल्या. मग आईकडे पाहिलं. आईला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, आणि चष्मा पर्समध्ये शोधताना तिचे हात चाचपडत होते. शेवटी मुंगीनेच मोठ्याने वाचलं.

“तारीख?” आईने विचारलं.

“चौदा.”

“तेराला गेले होते मी डॉक्टरकडे.”

खालच्या दुकानात कोणीतरी पुन्हा अक्षरं वाचायला लागलं होतं. एक दिवस. एका दिवसात त्यांना कळलं होतं. तुकडा कुठे आहे, कोणाकडे आहे, कुठल्या डबीत आहे, सगळं. आणि त्यानंतर तीन आठवडे, हातात बॅटरी घेऊन.

“मग ते रांगत होते ते?” मुंगी म्हणाली.

“मला दाखवायला,” आई म्हणाली. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. “मी हसावं म्हणून. मी हसून द्यावा म्हणून. आणि मी मेली भाजी चिरत बसले.” तिने झाकण स्वतःकडे ओढलं. मग म्हणाली, “लबाड माणूस.” असं ती त्यांना आयुष्यभर म्हणत आली होती, पण या आवाजात मुंगीने ते कधी ऐकलं नव्हतं.

मुंगीने कीबोर्ड, फाइली, चहाचा कप, सगळं उचलून खाली जमिनीवर ठेवलं. टेबल मोकळं केलं आणि खोकं उपडं केलं. एक हजार नऊशे नव्याण्णव तुकड्यांचा ढीग झाला. आईने खुर्ची पुढे ओढली, चष्मा चढवला आणि ढिगाकडे पाहिलं. ज्या गोष्टीला तिने जन्मभर हात लावला नव्हता त्या गोष्टीकडे.

“आधी कोपरे शोधायचे ना?” तिने विचारलं.

“हो. मग कडा. आकाश शेवटी.”

मुंगीने तो निळा तुकडा उचलून ढिगात टाकायला हात पुढे केला, तर आईने तिचं मनगट धरलं.

“तो नको. तो शेवटी लावायचाय. तोवर माझ्याकडेच राहू दे,” असं म्हणून तिने तुकडा परत बटणांच्या डबीत ठेवला आणि झाकण लावलं.